खंडोजीराव आणि सुरक्षा विभाग

कन्नड मुलखातल्या अग्रहार वस्तीत, तिथल्या मराठी घरांत इंटरनेटच्या धोक्यांबद्दल खंडोजीराव मोहित्यांइतकं कुणालाच कळत नव्हतं. निदान खंडोजीरावांचं तसं मत होतं. विमा कचेरीतून निवृत्त झाल्यापासून ते रोज सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर एखादा इशारा पाठवत: अनोळखी लिंक उघडू नका, ओटीपी सांगू नका, हल्ली ठग तुमच्या मुलाबाळांचा हुबेहूब आवाज काढतात. नातेवाईक न वाचताच जोडलेल्या हातांचं चित्र पाठवून मोकळे होत. खंडोजीराव त्याला आदर समजत.

एका रविवारी सकाळी ते लॅपटॉपवर गुडघेदुखीवरचं तेल शोधत होते. कुठल्याशा जाहिरातीवर बोट पडलं आणि अख्खा स्क्रीन लाल झाला. भोंगा वाजू लागला. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये घातक व्हायरस शिरला आहे. बंद करू नका. ताबडतोब या नंबरवर फोन करा.’

“अय्यो, काय वाजतंय हे?” वरलक्ष्मीबाई स्वयंपाकघरातून आल्या. नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता त्यांनी बेंगळुरूला सुनेला फोन लावून त्यांच्या हातात दिला. श्रीहर्षची बायको मृण्मयी मूळची नाशिकची. कंपन्यांचे कॉम्प्युटर सुरक्षित ठेवणं हीच तिची नोकरी. त्यामुळे घरात तिचा सल्ला घ्यायचा प्रश्नच कधी आला नव्हता.

“बाबा, घाबरू नका,” ती म्हणाली. “ते नुसतं एक वेब पेज आहे. ऑल्ट दाबून धरा आणि एफ-फोर दाबा. नाहीच गेलं तर पॉवरचं बटण दाबून ठेवा. त्या नंबरवर फोन मात्र करू नका.”

खंडोजीरावांच्या भुवया वर गेल्या. एवढं मोठं संकट आणि उपाय दोन बटणं? शिवाय स्क्रीनवर स्वच्छ लिहिलं होतं, बंद करू नका. आणि ही नेमकं तेच करायला सांगत होती.

“आधी एक सांग. तुझ्या लग्नाच्या पंगतीत गोड काय होतं?”

“काय?”

“गोड, गोड! काय होतं?”

“मला कुठं आठवतंय, बाबा... जिलेबी?”

“चिरोटी!” खंडोजीरावांनी विजयी मुद्रेनं फोन कापला. “बघितलंस? आवाज अगदी तिचा काढला होता. पण पकडला.”

“अहो, नवरी होती ती! फोटोवाल्यानं जेवू कुठं दिलं तिला? आणि फोन मी लावला होता.”

“तेच तर! हल्ली असंच करतात.”

कसं, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी स्क्रीनवरचा नंबर लावला, स्पीकर चालू केला.

“नमस्कार सर, सुरक्षा विभागातून प्रणेश बोलतोय.” पलीकडचा माणूस गोड कन्नडात बोलत होता आणि वाक्यावाक्याला सर म्हणत होता. सुनेनं कधी सर म्हटलं नव्हतं. याला पंगतीतलं गोड विचारण्याची खंडोजीरावांना काही गरज वाटली नाही.

प्रणेशनं आधी ते लाल पान घालवायला लावलं, मग लॅपटॉपवर एक छोटं ॲप घ्यायला लावलं आणि त्यावर दिसणारा आकडा विचारला. खंडोजीरावांनी तो खणखणीत आवाजात वाचून दाखवला. ओटीपी सांगू नये हे त्यांना पाठ होतं. पण हा ओटीपी कुठं होता, हा तर कोड होता.

स्क्रीनवरचा बाण आपोआप फिरू लागला. “बघ, आपण हात लावायला नको. याला म्हणतात सर्व्हिस!” प्रणेशनं कुठल्याही कॉम्प्युटरमध्ये सापडणाऱ्या किरकोळ चुकांच्या लाल खुणा उघडून दाखवल्या. खंडोजीरावांना स्वतःच्या छातीचा एक्स-रे पाहिल्यासारखा घाम फुटला.

“सर, आता बँकेची साइट उघडा. खातं सुरक्षित आहे का बघतो. आणि काम होईपर्यंत घरात कुणाला सांगू नका. बायकांना यातलं कळत नाही, उगाच घोळ घालतात.”

वरलक्ष्मीबाई मागेच उभ्या होत्या. त्यांचं माहेर बन्नूरचं. कन्नड त्यांना मराठीहून चांगलं कळे. व्हायरस त्यांना ठाऊक नव्हता. पण बायकोपासून लपव म्हणून सांगणारा माणूस कसल्या कामाला आलेला असतो, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या भिंतीपाशी गेल्या आणि त्यांनी राउटरची पिन उपटली. बाण जागच्या जागी थांबला.

“अगं, काय केलंस! तो दुरुस्त करत होता!”

“सर? इंटरनेट कसं बंद झालं? मॅडमना बाजूला करा, सर.”

“मॅडम इथंच उभ्या आहेत,” वरलक्ष्मीबाई कन्नडात म्हणाल्या. “बोला.”

मग प्रणेश सर म्हणायचा थांबला. सुरक्षा विभागानं खंडोजीरावांच्या आईपासून आजोबांपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला आणि फोन ठेवला.

खंडोजीरावांनी लॅपटॉप स्वतःपासून दूर सरकवला. “लक्ष्मी,” ते म्हणाले, “पासवर्ड अर्धा टाइप केला होता गं मी.” वरलक्ष्मीबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि पुन्हा सुनेला फोन लावला.

“चिरोटी,” फोन उचलताच मृण्मयी म्हणाली. “श्रीहर्षला विचारून घेतलं. आता ऐकणार का, बाबा?”

खंडोजीरावांनी ऐकलं. कार्डामागच्या नंबरवर बँकेला फोन करून त्यांनी नेट बँकिंग थांबवलं. लॅपटॉप बंद केला तो बंदच ठेवला. सगळे पासवर्ड वरलक्ष्मीबाईंच्या मोबाइलवरून बदलले. दुपारी मुलगा-सून गाडीनं आले आणि मृण्मयीनं लॅपटॉप पार पुसून नव्यानं उभा केला. खातं सुखरूप होतं. गेला तो फक्त खंडोजीरावांनी वर्षानुवर्षं जमवलेला इशाऱ्यांचा संग्रह. पुढचा आठवडाभर ग्रुप शांत होता. का, म्हणून कुणी विचारलं नाही.

लॅपटॉपचा नवा पासवर्ड वरलक्ष्मीबाईंनी ठरवला आणि तो फक्त त्यांनाच माहीत आहे. खंडोजीरावांना भिंतीकडे तोंड करून उभं राहावं लागतं, मग त्या एकेक अक्षर शोधत टाइप करतात. पण त्याआधी विचारतात, “कशाला हवाय?”

“पंचांग बघायचंय.”

“पंचांग तुमच्या नाकासमोर टांगलंय,” त्या म्हणतात आणि कुकरची शिट्टी ऐकून आत जातात.