झाकणाखालचं नाक

मित्रांनो, मी एक जुना सेन्सर आहे. हवेतला विषारी वायू ओळखणं हे माझं काम. पण गटारात उतरणाऱ्या माणसांनी मला कधी सेन्सर म्हटलं नाही. त्यांच्यासाठी मी ‘नाक’. हसू नका. या नाकामुळे एक माणूस मरता मरता वाचला, आणि खरं सांगायचं तर त्याला मरणाच्या दारात नेलं तेही मीच.

कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा माझा तोरा काय सांगावा! आम्ही शेकडो भावंडं एकदमच शहरात आलो. कुणी पाण्याच्या पाइपला कान लावून गळती ऐकायचं, कुणी कचराकुंडी भरली की कळवायचं, कुणी चौकात गाड्या मोजायचं. माझ्या वाट्याला गटार आलं. मला फार वाईट वाटलं, पण करतो काय?

फिटरने मला रस्त्यातल्या एका जाड झाकणाच्या आतल्या बाजूला स्क्रूने पक्कं बसवलं. खोल टांगलं असतं तर माझे संदेश वर पोहोचले नसते; झाकणाला चिकटून ते नीट जायचे. दर मिनिटाला मी हवा हुंगायचो आणि नियंत्रण कक्षात आकडा पाठवायचो. तिथे पडद्यासमोर एक बाई बसायच्या. हवा बरी असली की माझा ठिपका हिरवा, वाईट असली की लाल. शिवाय माझ्या पोटात एक भोंगा होता. रस्त्यावर नवं डांबर पडलं की झाकणं त्याखाली गडप होतात. मग बाई कक्षातून कळ दाबायच्या, मी बोंबलायचो आणि माणसं झाकण शोधून काढायची.

बरंचसं गटार यंत्रच उपसायचं. यंत्राने हात टेकले की लंबू उतरायचा. अंगाने ताडमाड, म्हणून लंबू. बावीस वर्षं त्याने हेच काम केलं होतं. त्याच्या कमरेचा दोर वर त्याच्या बायकोचा भाऊ धरायचा. पूर्वी लंबू झाकण उघडलं की वाकून आधी झुरळं बघायचा. ती भिंतीला निवांत चिकटलेली असली तर हवा बरी. सैरावैरा वर पळत असली तर त्या दिवशी उतरायचं नाही. मी आल्यावर त्याने वाकणं सोडलं. झाकण उघडायचं, बाजूला ठेवायचं आणि बाईंना फोन करायचा, “मॅडम, नाक काय म्हणतंय?”

“हिरवं आहे,” असंच उत्तर यायचं. दीड वर्षात एकदाही लाल आलं नाही. बंद झाकणाखाली मी अधूनमधून लाल व्हायचो, पण तेव्हा आत कुणी नसायचं, म्हणून त्याची फिकीर कुणी करत नसे. “आपलं नाक लाखात एक!” असं लंबू चारचौघांत सांगायचा. मी फुशारून जायचो.

त्या दुपारी गटार तुंबलं होतं. गल्लीतल्या घरांच्या मोऱ्यांतून घाण पाणी उलटं येत होतं आणि लोक बाहेर येऊन ओरडत होते. पलीकडच्या झाकणातून घातलेल्या यंत्राच्या नळीपुढे चिंध्यांचा बोळा अडकला होता. खाली वायू कोंडला होता. सकाळपासून तीन तास मी लाल आकडे पाठवत होतो.

लंबूने झाकण उचललं आणि रस्त्यावर उलटं ठेवलं. मी झाकणाबरोबर वर आलो, आणि माझं तोंड थेट आभाळाकडे झालं. छान मोकळी हवा! मिनिटाभरात माझा आकडा उतरला आणि ठिपका हिरवा झाला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दीड वर्ष हेच चाललं होतं. माणसं मला विचारायची खालचं, आणि मी सांगायचो रस्त्यावरचं. आजवर लंबू उतरला तेव्हा खाली वायू फारसा नव्हता, एवढंच आमचं नशीब.

“दाजी,” मेहुणा म्हणाला, “झुरळं बघा की. कशी वर धावतायत.”

“अरे, नाक हिरवं म्हणतंय, मॅडमनी आत्ताच सांगितलं. तू झुरळांचं काय घेऊन बसलास? लोक डोक्यावर बसलेत इथे.”

आणि लंबू शिडी उतरू लागला. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण मला माझ्या मनाने ओरडता येत नाही. मी आपला आकडा पाठवत राहिलो. हिरवा. पुन्हा हिरवा.

कक्षात बाईंनी फोन ठेवला खरा, पण त्यांचं मन लागेना. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. तीन तासांचा लाल एका मिनिटात हिरवा कसा? त्यांनी त्याच गटारावरचा शंभर पावलांवरचा माझा भाऊ पाहिला. त्याचं झाकण बंद होतं आणि तो लालभडक होता. बाईंनी घाईघाईने फोन लावला.

मेहुण्याच्या खिशात फोन वाजू लागला. दोन्ही हात दोरावर. दोर सोडायचा नाही, हा नियम. फोन वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला.

“दाजी, बोळा सापडला का?” त्याने खाली वाकून विचारलं.

“सापडला... ओढतोय,” लंबूचा आवाज जड आला.

बोळा हलला आणि त्यामागे कोंडलेला सगळा वायू सुटला.

आणि माझ्या पोटातला भोंगा वाजला! बाईंनी कळ दाबली होती. ठिपका हिरवा असताना मी जिवाच्या आकांताने बोंबललो.

“नाक बोंबलतंय! दाजी, वर या! दाजी!”

खालून उत्तर आलं नाही. मेहुण्याचा एक पाय शिडीवर गेला होता. पण मागून उडी मारणारा दुसरा मुडदा होतो, हे लंबूनेच त्याला शिकवलं होतं. त्याने पाय मागे घेतला आणि ओरडला, “दोराला हात लावा, हात लावा!” मघाशी भांडणारेच लोक धावले. चार जणांनी लंबूला वर ओढलं. त्याचे ओठ निळे पडले होते. “ताईला काय तोंड दाखवू मी?” म्हणत मेहुणा त्याची छाती दाबत होता. बऱ्याच वेळाने लंबूला ठसका लागला. त्या ठसक्याइतका गोड आवाज मी आजवर ऐकलेला नाही.

नऊ दिवसांनी तो दवाखान्यातून आला. मला वाटलं, आता हा मला ठेचणार. पण तो झाकणाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, “नाका, तुझी चूक नाही रे. तुला उताणं झोपवलं आम्ही, आणि विचारलं विहिरीत काय आहे.”

त्यानंतर आमची सगळ्यांची जागा बदलली. नाक खाली साखळीला टांगायचं आणि संदेश पाठवणारा भाग तेवढा वर ठेवायचा, असं ठरलं. उतरण्याआधी रंग विचारायचा तो झाकण बंद असतानाचा आणि उघडल्यावरचा, दोन्ही.

आता माझी हुंगण्याची ताकद संपली आहे. बाईंनी मला फेकलं नाही. मी त्यांच्या टेबलावर असतो. मित्रांनो, आमच्यासारखी यंत्रं तुमच्या शहरात खूप येतील. येऊ द्या, आम्ही कामाची आहोत. आम्हाला वेळच्या वेळी पुसा, तपासा. पण आमच्यावर भरवसा टाकण्याआधी आम्हाला कुठे ठेवलंय, ते एकदा वाकून बघा. आमचा लंबू एवढा ताडमाड, पण तो आता दर वेळी वाकतो.