अंगठा जुळेना

जामखेडच्या बँकेत गोजरबाईने चौथ्यांदा अंगठा टेकवला आणि यंत्रावर पुन्हा लाल दिवा लागला.

"जुळत नाही मावशी," कर्जाचं काम बघणाऱ्या दिपालीमॅडम म्हणाल्या. शेवयांच्या यंत्रासाठी कर्ज मंजूर झालं होतं. समोरची बाई तीच, एवढंच पटायचं राहिलं होतं. पण बावीस हंगाम ऊस तोडून गोजरबाईची बोटं गुळगुळीत झाली होती.

"मग आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी पाठवते. तो सांगा."

कार्ड काढताना ऊसतोड टोळीचा मुकादम कारभारी याने सगळ्या बायकांच्या कार्डांना स्वतःचाच नंबर लावला होता. दोन वर्षांपूर्वी सगळी उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फेडून गोजरबाईने टोळी सोडली. पण उचल फिटली हे त्याला आजही मान्य नव्हतं.

"त्यो फोन घरी राहिलाय, सुनेला फोन लावून इचारते," असं खोटंच सांगून ती व्हरांड्यात आली आणि तिने कारभारीला फोन लावला.

"आलाय की नंबर," तो हसला. "सांगतो. पन यंदा कोयता धरायचा, तू आन तुझी सून दोगींनी."

सून सुकन्याला सातवा महिना होता.

"न्हाईतर मीच बँकेत येतो. उचल बुडवून पळालेली बाई हाय म्हनतो. मग कोन देतंय कर्ज?"

'व्हय' अगदी ओठावर आलं होतं. यंत्र तरी मिळालं असतं.

"सून न्हाई येनार," ती म्हणाली. "आन मी बी न्हाई."

फोन बंद करून ती आत गेली. आता फाईल फेकून देतील, या धास्तीने खाली मान घालूनच तिने सगळं सांगितलं. ऐकून मॅडम खुर्चीवरून उठल्या.

"डोळ्यांनीही ओळख पटते मावशी. आधार केंद्रात चला, आधी नंबरच बदलू."

तिथे यंत्रासमोर डोळे उघडे ठेवताना तिला वाटलं, चुलीच्या धुराने हेही गेले असतील. पण जुळले. आठवड्याने नवा नंबर लागला, मग कर्जही आलं.

कारभारी खरंच बँकेत गेला होता. मॅडमनी उचल बाकी असल्याचा लेखी कागद मागितला, तेव्हा शिव्या देत निघून गेला.

दिवाळीपासून शेवया सुरू झाल्या. सुकन्याला मुलगी झाली. तरी रस्त्यावर कारभारीच्या जीपसारखी जीप थांबली की गोजरबाई यंत्र बंद करते, दाराला कडी लावते आणि जीप पुढे जाईपर्यंत पोरीला छातीशी धरून बसते.