देव चल की अचल

आमच्या घरावर तांबडी फुली पडली तेव्हा अजा गच्चीवर मुळ्याच्या चकत्या वाळत घालत होते. खाली टेप धरलेल्या माणसाने हाक मारली, "घरात कोण आहे?"

"मी आहे," अजा वरून म्हणाले. "तू फुली मारतोयस तिथे मात्र कोणी नाही. तिथे तांदळाचा रांजण आहे."

"कोणातरी मोठ्या माणसाला पाठवा."

माझे हे आजोबा, बेखामान महर्जन, तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचे होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आपल्यापेक्षा मोठं कोणी नाही याची खात्री करून घेतली आणि स्वतःच खाली आले.

मोजमाप साधं होतं. रस्त्याच्या मधोमध एक खुंटी, तिथून दोन्ही बाजूंना अकरा-अकरा मीटर. आमचं घर चौथ्या मीटरला सुरू होऊन चौदाव्याला संपायचं. सात मीटर रस्त्याला, तीन मीटर आम्हाला. तीन मीटरात मागचा जिना, अर्धा देव्हारा आणि अजांची खाट मावत होती, तीही तिरकी टाकली तर. आमच्या क्वनेटोल वस्तीत अशी सतरा घरं होती. काठमांडू वाढायचं ठरलं होतं आणि वाढायला त्याला आमच्याच ओसऱ्या सापडल्या होत्या.

खुंटीवाल्यांनी नोटीस दिली, एक माघपर्यंत जागा खाली करा. त्यात प्रत्येक घराचा नकाशा होता. आमच्या नकाशात दारासमोरचा दगडही होता आणि त्याच्याशेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'दगड, केंद्रापासून ३.६ मी.'

हा दगड म्हणजे पिखालखु. आमच्यात प्रत्येक दारासमोर, रस्त्यातच, असा एक सपाट दगड असतो. तो कुमारदेव. सून घरात येते ती त्याची पूजा करून, माणूस कायमचा जातो तो त्याच्यावरून. एरवी आम्ही त्याच्यावर सायकल टेकवतो.

अजांना नोटिशीतली एकच गोष्ट खटकली, ती तारीख. आमच्यात सत्त्याहत्तर वर्षं, सात महिने, सात दिवस, सात घटका आणि सात पळं पुरी झाली की माणसाचा देव होतो. त्याला रथात बसवतात, मुलं-नातवंडं दोर ओढतात, वस्तीला फेरी घालतात. रथ आपल्या दारच्या दगडापासून निघतो आणि त्याच दगडाशी येऊन थांबतो. मध्ये कुठे मागे घेता येत नाही. त्याला जंकू म्हणतात. जंकू झालेल्या माणसाशी कोणी भांडत नाही आणि त्याच्या खोकल्याबद्दल कोणी कुरकुरत नाही. अजांचा जंकू एकोणीस माघला होता.

"मला बाकी काही नको," अजा म्हणाले. "माझ्या दारातून निघायचं आणि माझ्या दारात उतरायचं. मग पाडा."

"अजा, ते 'मग पाडा' मी अर्जात घालत नाही," मी म्हणालो.

अर्ज मी लिहायचो, कारण रस्ता विस्तार विरोधी समितीचा मी सचिव होतो. सचिव होतो कारण मला दहा बोटांनी टाइप करता येतं. बाकीचे दोन बोटांनी विरोध करत होते. अध्यक्ष पूर्णकाजी काका. त्यांचं झेरॉक्सचं दुकान असल्यामुळे आमच्या प्रत्येक निवेदनाच्या चाळीस प्रती निघायच्या, घेणारा एकही नसला तरी. आम्ही काळे झेंडे लावले, ते धुक्यात कोणाला दिसले नाहीत. एकदा रस्ताही अडवला. पण आमचा रस्ता मुळातच इतका अरुंद, की तो अडवलाय हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

मग एका सकाळी काका नकाशा घेऊन धावत आले. "रोजेश, हे बघ. कोपऱ्यावरच्या गणपतीला हिरवं वर्तुळ आहे. रस्ता त्याला वळसा घालून जातोय. मंदिर पाडायचं नाही असा नियम आहे."

"मग?"

"मग तुझे अजा एकोणीस तारखेला देव होतायत ना?"

ते थट्टा करत नव्हते. थट्टा करायचा टप्पा आम्ही मंगसिर महिन्यातच ओलांडला होता.

"देव राहतो ते मंदिर," काका म्हणाले. "आणि एकदा वर्तुळ पडलं की आजूबाजूची चार घरंही वळशात वाचतात. लिही."

मी लिहिलं. अजांना घेऊन आम्ही तिघं रस्त्याच्या कार्यालयात गेलो. तिथे सुवेदीसाहेब होते, ओव्हरसियर. माणूस थकलेला होता. टेबलावर अर्जांची चळत, त्यावर अर्धं संत्रं. त्यांनी आमचा अर्ज शेवटपर्यंत वाचला. तसा तो वाचणारे ते पहिलेच.

"देव कोण?"

"हे," काकांनी बोट दाखवलं. अजांनी मफलर सारखा केला.

"आत्ता आहेत?"

"नाही. एकोणीस माघला सकाळी होतील."

"म्हणजे प्रस्तावित," असं म्हणून साहेबांनी ते समासात लिहून घेतलं. "बरं. देव चल की अचल?"

"म्हणजे?"

"अचल असेल तर मंदिर. चल असेल तर उचलून दुसरीकडे बसवता येतो, तशी तरतूद आहे."

"अचल," काका ताबडतोब म्हणाले. "अगदी अचल."

"मग इथे कसे आले?"

"बसने," अजा म्हणाले.

काकांनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी समासात आणखी काहीतरी लिहिलं आणि नागरिकतेचं ओळखपत्र मागितलं. अजांनी प्लास्टिकच्या पिशवीतून कार्ड काढून दिलं. साहेबांनी जन्मसाल वाचलं, बोटांवर मोजलं, पुन्हा वाचलं.

"विक्रम संवत दोन हजार तीन साल. बाजे, तुम्ही एकाहत्तर वर्षांचे आहात. तुम्हाला देव व्हायला अजून सहा वर्षं आहेत."

अजांनी मांडीवरच्या पिशवीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"ते साल खोटं आहे, साहेब. ट्रॉलीबसवर तिशीच्या आतला ड्रायव्हर पाहिजे होता. मी पस्तिशीचा होतो."

"म्हणजे सरकारला फसवलंत."

"तेवढंच एकदा. पुढे तीस वर्षं गाडी खरी चालवली."

ते खरं होतं. वर तारांना बांधलेली ती गाडी अजांनी तीस वर्षं हाकली आणि एकदाही रस्ता चुकले नाहीत. यात माझा काही मोठेपणा नाही, असं ते सांगायचे. तार सोडली की गाडी बंद, चुकायचं म्हटलं तरी चुकता यायचं नाही.

"जन्मसाल दुरुस्त होतं," साहेब जरा मऊ आवाजात म्हणाले. "पण तुमच्यापेक्षा वयाने मोठा साक्षीदार आणा. तुमचा जन्म पाहिलेला."

असा साक्षीदार वस्तीत एकच होता, चिरीमाया. चौऱ्याण्णव वर्षांची. अजा जन्मले तेव्हा तिने त्यांना अंगणात सांडलं होतं, हे ती आजही लग्नाकार्यात सांगते. तिला आम्ही दोघांनी खुर्चीत उचलून कार्यालयात नेलं. नागरिकतेवर ती अडुसष्ट वर्षांची निघाली. नागरिकता करताना तिला साल विचारलं होतं, तिने नवऱ्याचं सांगितलं, कारकुनाने वय बायकोला शोभेल इतकं कमी केलं.

"या आजी यांच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान आहेत," साहेब म्हणाले.

"कोण लहान?" चिरीमायाने विचारलं. "हा? याला मी सांडलंय."

उत्तर आलं ते टाइप केलेलं होतं. 'सदर देव प्रस्तावित असून चल स्वरूपाचा आहे. तसेच अभिलेखानुसार त्याची मुदत भरलेली नाही. सबब वर्तुळ देता येत नाही.' काकांनी त्याच्याही चाळीस प्रती काढल्या.

त्या दिवशी जेवताना बा, म्हणजे माझे वडील, ताटावरून उठले. तीन महिने ते काही बोलले नव्हते. "सहा वर्षं तुम्ही लपवलीत," ते अजांना म्हणाले, "आणि त्यात आमचं घर गेलं."

"त्या सहा वर्षांच्याच पगारावर हे घर उभं आहे," अजा म्हणाले.

माझी आई, मां, म्हणाली, भात गार होतोय. दोघंही खरं बोलत होते. अजा त्या दिवसापासून गच्चीवर जायचे थांबले. मुळ्याच्या चकत्यांना बुरशी आली.

एक माघ गेला, दहा माघ गेला. आम्हाला वाटलं, कदाचित विसरले. अकरा माघला सकाळी डोझर आला. आम्ही रस्त्यात बसलो. पोलिसांनी आम्हाला एकेक करून उचललं आणि गणपतीपाशी नेऊन ठेवलं, कारण तेवढीच जागा कायम राहणार होती. चिरीमायाला खुर्चीसकट उचललं. आता ती चल झाली, असं काका पुटपुटले.

अजा मात्र दारातच उभे होते. "साहेब, आठ दिवस. त्यानंतर मी स्वतः हातोडा मारतो."

सुवेदीसाहेबांनी घड्याळात पाहिलं. "बाजे, यंत्र आजच्या दिवसापुरतंच मिळालंय."

"मग दगड तरी काढून द्या."

"दगड रस्त्याच्या हद्दीत आहे. आता तो रस्त्याचाच."

मांने अजांना हाताला धरून बाजूला नेलं. सात मीटर पडायला चहा निवण्याइतका वेळ लागला. सगळं पडून झाल्यावर अजा चालकाजवळ गेले. तो कोवळा पोरगा होता, अंगावर स्वेटर, खाली चपला.

"गाडी छान चालवतोस," अजा त्याला म्हणाले.

त्याने यंत्र पुन्हा सुरू केलं. पुढच्या चार दिवसांत रस्त्यावर खडी पडली आणि दगड तिच्याखाली गेला. विजेचे खांबही काढून नेले. सतरा घरांच्या उघड्या पुढच्या बाजू आम्ही प्लास्टिकने झाकल्या. दुकानात एकच रंग शिल्लक होता, निळा.

एकोणीस माघला धुकं होतं. जोशी पंचांग घेऊन आले आणि विचारू लागले, दार कुठे आहे? आम्ही सगळे खडीवर उभे राहून बोटं दाखवू लागलो. प्रत्येकाचं बोट वेगळीकडे. शेवटी काकांनी दुकानातून नोटिशीची प्रत आणली. मधली खुंटी शोधली, रेषेवरून आमचा घर क्रमांक जुळवला, टेप ताणला, तीन पूर्णांक सहा. पाडायला आलेल्या कागदावरूनच आम्हाला आमचा दगड सापडला.

"उकरायचा का?" मी विचारलं.

"सरकारी रस्ता आहे," बा म्हणाले.

जोशी म्हणाले, देव खाली आहे, वरून कुंकू घातलं तरी पोचेल. मांने खडीवर कुंकू घातलं, अक्षता वाहिल्या. तांबडी खूण झाली. घटका भरली, पळं भरली, अजांना रथात बसवलं आणि अजा देव झाले. नवी टोपी त्यांना मोठी होत होती.

आम्ही आठ जणांनी दोर ओढला. एरवी या फेरीला दोन तास लागतात. दर दारी रथ थांबतो, आरती होते, वाटीभर ऐला, म्हणजे घरची दारू, पुढे येते. आता थांबायला दारं नव्हती. कापलेल्या घरांच्या वरच्या मजल्यांवर प्लास्टिक बाजूला सारून बायका उभ्या होत्या. पुढचे जिने गेल्यामुळे त्यांना खाली येता येत नव्हतं. त्यांनी लाह्या उधळल्या, पण रस्ता इतका रुंद झाला होता, की लाह्या रथापर्यंत पोचत नव्हत्या. खडीवर रथ मात्र छान धावला. अजा आत बसून एकेका घराचं नाव घेत होते, स्टॉप पुकारल्यासारखं. हेराकाजीचं. चिरीमायाचं. तेल्याचं. परतताना त्यांचा आवाज हळूहळू बंद झाला. मला वाटलं, थंडी वाजतेय.

मध्येच धूळ बसवायला आलेला पाण्याचा टँकर आमच्याशेजारून गेला. आम्ही अदबीने त्याला वाट दिली. वाट द्यायला आता जागाही होती.

"थांबा," मागून बा म्हणाले. "पुढे आलो."

आम्ही मान वर केली. समोर गणपती होता. आमचं घर पाच घरं मागे राहिलं होतं, की सहा. मागे पाहिलं तर धुक्यात निळं, निळं, निळं. खडी ओली होती आणि कुंकू कुठेही नव्हतं. आठ माणसं, त्याच घरात जन्मलेली, दोर ओढत त्याच्यावरून निघून गेली होती.

"अजा, तुम्हाला दिसलं नाही?" मी विचारलं.

"वर तारेकडे बघत होतो," अजा म्हणाले.

मीही वर पाहिलं. वर काहीच नव्हतं.

रथ मागे घेता येत नाही. जोशींनी पंचांग उघडलं, मिटलं, म्हणाले, आणखी एक फेरी घाला. आम्ही पुन्हा दोर धरला. या वेळी पूर्णकाजी काका टेप आणि नोटीस घेऊन रथापुढे चालत होते. लाह्या संपल्या होत्या, बायका नुसत्याच उभ्या होत्या. फेरी पुरी होत आली तसे काका थांबले, वाकले, मोजलं आणि पायाने खडीवर रेघ ओढली.

"हेच का?" अजांनी विचारलं.

"नोटिशीत हेच आहे," काका म्हणाले.

अजांनी निळ्या प्लास्टिककडे पाहिलं, मग शेजारच्या निळ्या प्लास्टिककडे. "असेल मग," ते म्हणाले, आणि बांचा हात धरून खाली उतरले. मांने त्यांच्या पायांवर तांब्याभर पाणी ओतलं. ते खडीत गेलं.