चिंचोक्यांचा डाव

"चेक," आतून काजलचा आवाज आला.

"मी पाच लावते," दुसरी मुलगी म्हणाली.

भाईदास हवालदार सलग तिसऱ्या दुपारी ट्रॅक्टरच्या शेडबाहेर उभे होते. दुपारचे तीन वाजले होते, पत्रा तापून तवा झाला होता, तरी ते हलले नाहीत. बंद दारामागची ही भाषा त्यांनी नोकरीत एकतीस वर्षं ऐकली होती. आतले शब्द नवे होते, पण दोन वाक्यांमधली शांतता ओळखीची होती. कुणीतरी काहीतरी लपवतं आहे आणि बाकीचे त्याचा अंदाज घेत आहेत, अशा वेळीच माणसं इतकी गप्प बसतात.

त्यांनी दार ढकललं. गोणपाटावर चार मुलं बसली होती. काजल, त्यांच्या लेकीची बारा वर्षांची मुलगी, आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणासाठी, नाशिकहून आजोळी लोणखेड्याला आलेली. शेजारचा नवनीत आणि त्याची धाकटी बहीण. चौथी रिना, त्यांच्या शेतावर सालदार असलेल्या नवलसिंगची पोर. मध्ये पाच पानं उताणी मांडलेली, प्रत्येकाच्या हातात दोन-दोन पानं, आणि पुढ्यात चिंचोके. सगळ्यांत मोठा ढीग रिनापुढे होता.

"काय चालनं आठे?"

"पोकर, आबा," काजल म्हणाली. "पैसे नाहीत, नुसते चिंचोके आहेत."

ती मुळीच दचकली नाही, हेच भाईदासांना खटकलं. त्यांनी पानं गोळा केली, चिंचोके दूध पावडरच्या जुन्या डब्यात लोटले, झाकण दाबून बसवलं आणि घरात जाऊन डबा आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. जप्त केलेला मुद्देमाल ठेवताना हात जसा चालायचा तसाच तो आजही चालला.

निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण संशय काही निवृत्त झाला नव्हता. दूधवाल्याचं माप, विजेचं मीटर, बांधावरून जाणारी अनोळखी मोटारसायकल, सगळं ते तपासत. गावात त्यांना त्याबद्दल हसत असत. पण कुणाची शेळी हरवली की आधी त्यांनाच बोलावत.

हा खेळ काजलला शिकवला होता तिच्या आईनं, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या लेकीनं. रोहिणी नाशिकला बँकेत होती, आखाजीसाठी तीही रजा काढून आली होती. तिनं काहीही लपवलं नाही. मुलांना त्यात हिशोब करावा लागतो, वाट बघावी लागते, हरल्यावर न रडता पुढचा डाव खेळावा लागतो, आणि दिवसभर मोबाइल घेऊन बसण्यापेक्षा चार मुलं समोरासमोर बसलेली काय वाईट, असं तिचं म्हणणं. भाईदास म्हणाले, त्यांनी जुगारात पकडलेला एकूण एक माणूस कधीतरी चिंचोक्यांवरच शिकला होता. त्यावर रोहिणीनं विचारलं, आखाजीला अख्खं गाव निंबाखाली पत्ते कुटतं, त्यांना तुम्ही कधी अडवलंत? गाव आपलं होतं आणि ठाणं दुसरीकडचं, एवढं म्हणून ते उठले.

"पोरे खेळी ऱ्हायनात. खेळू द्या ना," दगूबाई पोळ्या लाटता लाटता म्हणाली. नवऱ्याच्या तपासात ती सहसा पडत नसे.

खरं तर भाईदासांच्या डोक्यात खेळ नव्हताच. डोक्यात होता रिनापुढचा ढीग. पाड्यावरची, जिल्हा परिषदेच्या शाळेतली पोर नाशिकच्या शाळेतल्या मुलीला रोज कशी हरवते? आधीचे दोन दिवस त्यांनी पत्र्याच्या फटीतून पाहिलं होतं. रिना कुणाच्या पानांकडे डोकावत नव्हती. ती समोरच्याचा गळा बघायची, आवंढा कधी गिळला जातो ते. स्वतःच्या चेहऱ्यावर काही उमटू देत नव्हती. रोज जिंकणाऱ्याकडे एक तर खुणा केलेली पानं असतात, नाही तर फुटलेला साथीदार, हा त्यांचा अनुभव. त्यांनी खिडकीत बसून, चष्मा लावून, बावन्न पानांच्या कडा तपासल्या. काही सापडलं नाही. पोर फारच हुशार आहे, एवढाच त्यांनी अर्थ काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगूबाई काजलच्या केसांना तेल लावायला बसली आणि तिला दिसलं की पोरीच्या डाव्या पायात पैंजण नाही. आखाजीसाठी तिनंच घडवून आणलेला चांदीचा जोड होता. कुठेतरी पडलं असेल, काजल जमिनीकडे बघत म्हणाली. अंगण, मोरी, झोक्याखालची माती, सगळं शोधून झालं. भाईदास शोधायला उठले नाहीत. त्यांचं मन केव्हाच शेताच्या कडेच्या नवलसिंगच्या झोपडीपर्यंत पोहोचलं होतं.

त्यांनी रिनाला बोलावणं धाडलं. ते ओट्यावर खुर्चीत बसले, ती खाली अंगणात उभी राहिली. अकरा वर्षांची, शाळेचाच फ्रॉक घातलेली, पायात काही नाही. काल शेडमध्ये कधी आली, कुणाशेजारी बसली, आधी कोण उठलं, असं सगळं त्यांनी क्रमानं विचारलं. ती शाळेतल्या मराठीत, एकेका शब्दात उत्तर देत गेली.

"काजलनं पैंजण तुन्हाजोडे शे का?"

"नाही."

"मंग कोठे शे, ते तुले म्हाईत शे?"

रिनानं एकदा दाराकडे पाहिलं. दारात काजल उभी होती. मग रिनानं मान खाली घातली. ती नजर भाईदासांनी टिपली. चोर पळायची वाट शोधतो तेव्हा असाच दाराकडे बघतो, त्यांना वाटलं.

"मी घेतलं नाही, आबा," ती म्हणाली. त्यानंतर कितीही विचारलं तरी ती एक शब्द बोलली नाही. चेहरा तसाच, खेळताना असायचा तसा. असा चेहरा निर्दोष माणसाचा नसतो, अशी भाईदासांची खात्री झाली.

ऊन उतरल्यावर ते झोपडीवर गेले. नवलसिंग बैलांना पाणी दाखवत होता. सहा वर्षं तो त्यांच्याकडे होता. घरात लग्न असो, मयत असो, शेडची किल्ली त्याच्याकडे असे. भाईदास एवढंच म्हणाले, "नवलसिंग, एकदाव घर देखनं पडी."

का ते नवलसिंगनं विचारलं नाही. रिनानं घरी काही सांगितलं असावं, किंवा नसावंही. त्यानं बादली खाली ठेवली, आत गेला आणि एकेक वस्तू स्वतःच बाहेर आणून बाजेवर मांडू लागला. दोन गोधड्या. पिठाचा डबा. कपड्यांचं गाठोडं. रिनाचं दप्तर. रूपलीबाईची, त्याच्या बायकोची, फडक्यात बांधलेली गळ्यातली चांदीची हसळी. प्रत्येक गाठ त्यानं स्वतःच्या हातानं सोडली. रूपलीबाई भिंतीला टेकून उभी होती, पदर तोंडात धरून.

"देखी ल्या, हवालदार," नवलसिंग म्हणाला.

राहू दे, असं म्हणायला तेव्हाही वेळ होता. भाईदासांनी गोधड्या झटकल्या. पिठात हात घालून पाहिला. दप्तरातल्या वह्या उघडून पानं चाळली. रिना पुढे झाली, तिनं एक वही उचलली आणि तिचं दुमडलेलं पान अंगठ्यानं सरळ केलं.

तेवढ्यात बांधावरून काजल धावत आली, मागे रोहिणी. काजलला रडू आवरत नव्हतं.

"ते डब्यात आहे, आबा. तुमच्या कपाटातल्या डब्यात. मीच लावलं होतं."

हुंदके देत देत तिनं सगळं सांगितलं. भाईदास शेडमध्ये येण्याआधीच्या डावात तिचे चिंचोके संपले होते. तिच्या हातात दोन राजे होते. आता हरत नाही असं वाटून तिनं पैंजण काढून मध्ये ठेवलं, आणि हरली. घरातली वस्तू लावायची नसते, असं म्हणून रिना पैंजण घेईना. हरले म्हणजे हरले, म्हणून काजल परत घेईना. शेवटी रिनानं ते डब्याच्या तळाशी टाकलं, वर उरलेले चिंचोके ओतले आणि आपल्या ढिगातले थोडे काजलला खेळायला उसने दिले. उद्या तू जिंक आणि घेऊन जा, म्हणाली. कुणाला सांगू नका, अशी शपथ काजलनंच तिघांनाही घातली होती.

"मग सकाळी का नाही बोललीस?" रोहिणीनं विचारलं.

"आबा म्हणाले असते, बघा, मी सांगत होतो ना."

भाईदास घरी आले. कपाट उघडलं, पेपरवर डबा उपडा केला. चिंचोके खडखडत पसरले आणि सगळ्यांत शेवटी पैंजण पडलं. दगूबाईनं ते उचललं, पुसलं आणि आत नेलं.

रोहिणी समोर उभी होती. तिच्याकडे न बघता भाईदास म्हणाले की चिंचोक्यांवरून गोष्ट शेवटी चांदीवर गेलीच, आणि तीही आठ दिवसांत.

"हो, आबा. तुमचं बरोबर होतं," रोहिणी म्हणाली. "माझंच चुकलं, मी लक्ष ठेवायला हवं होतं. पण रिनानं ते घेतलं नव्हतं."

चार दिवसांनी आखाजी आली. खानदेशात सालदाराचं साल आखाजीला संपतं आणि त्याच दिवशी नवं ठरतं. दर वर्षीसारखा नवलसिंग सकाळीच आला. दगूबाईनं त्याला आमरस आणि खापरावरची पुरणपोळी वाढली. तो ओट्यावर बसून पोटभर जेवला, ताट धुऊन ठेवलं आणि म्हणाला, "यंदा नही, हवालदार. आम्ही घर जाई ऱ्हायनूत."

कारण माहीत असून भाईदासांनी विचारलं. डोंगरातलं घर शाकारायचं आहे, असं त्यानं सांगितलं. झडतीबद्दल एक शब्द नाही. भाईदासांनी त्याच्या चेहऱ्यावर राग शोधला. राग सापडला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. रागावलेल्या माणसाशी कसं बोलायचं ते त्यांना येत होतं.

निंबाखाली पुरुषांचे डाव रंगले होते. नवनीत पत्त्यांचा जोड घेऊन काजलला बोलवायला आला. तिला कुणी मनाई केली नव्हती; पण ती गेली नाही. आईला चिकटून झोक्यावर बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाईदासांनी मोटारसायकल काढली. तळोद्याहून पंपाचं वायसर आणायचं आहे, असं दगूबाईला सांगितलं. ते शहाद्यातही मिळालं असतं, हे दोघांनाही माहीत होतं. वाटेभर ते एक वाक्य जुळवत होते. सुरुवात कधी अहिराणीत केली, कधी मराठीत. एकतीस वर्षांत लोकांना त्यांनी हजार प्रश्न विचारले होते, पण त्या सगळ्यांत या वाक्याला उपयोगी पडेल असं काही नव्हतं.

तळोद्याच्या स्टँडवर डोंगराकडे जाणारी जीप भरत आली होती. नवलसिंग टपावर उभा राहून गाठोडी बांधत होता. त्यानं भाईदासांना पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा दोरी आवळू लागला. मागच्या बाकावर आत रूपलीबाई आणि कडेला रिना बसली होती. भाईदास जीपच्या मागच्या दांडीला धरून उभे राहिले.

"शाळानं काय?" त्यांनी विचारलं.

"तिकडे आश्रमशाळा आहे."

"बरं शे."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. टपावरून नवलसिंग उतरून पुढे जाऊन बसला.

"रिना, मी..." भाईदास म्हणाले.

रिनानं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा दांडीवरचा हात पाहिला. मग दप्तर मांडीवर घेतलं आणि आईकडे सरकली. बाकावर वीतभर जागा झाली.

"बसा ना, आबा," ती म्हणाली.

"बसतस का, बाबा?" मागून क्लीनरनं विचारलं. "गाडी सुटी ऱ्हायनी."

"नही."

टोपलीत दोन कोंबड्या घेतलेली एक म्हातारी त्यांच्या बाजूनं वाट काढत आत शिरली आणि त्या जागेवर बसली. रिनानं तिच्या टोपलीला हात देऊन ती नीट खाली ठेवली. जीप हलली. भाईदासांचा हात अजून दांडीवरच होता. दोन पावलं ते जीपबरोबर चालत गेले, आणि मग त्यांनी हात सोडला.