चेअरमनची भांडवलदार बायको

चिलोंगानी गावाचा चेअरमन झाला तो केवळ वाचता येत होतं म्हणून. सरकारी ट्रक आले, माळावर विखुरलेली घरं बायकापोरं आणि शेळ्यांसकट उचलून त्यांनी एका जागी आणून ठेवली, आणि पक्षाच्या माणसाने गोरखचिंचेखाली उभं राहून विचारलं, "तुमच्यात वाचता कोणाला येतं?" चिलोंगानी मिशनच्या शाळेत शिकलेला. त्याने हात वर केला नव्हता. शेजारी बसलेल्या न्दाहानीने त्याचं मनगट धरून वर केलं होतं.

तेव्हापासून समाजवादावरची सरकारी पुस्तिका तो रोज संध्याकाळी अंगणात बसून वाचायचा. वाचताना सगळं पटायचं. पुस्तिका मिटली की शंका यायच्या. शंका आल्या की आपल्याच वाचण्यात खोट असणार असं वाटून तो पुन्हा पहिल्या पानाकडे वळायचा. त्यामुळे शेवटची पानं अजून वाचायची राहिली होती.

पुस्तिकेतलं एक चित्र मात्र साऱ्या गावाला पाठ होतं. टम्म फुगलेला गोचीड, डोक्यावर हॅट, गळ्यात टाय. खाली लिहिलं होतं, जो दुसऱ्याला आपल्या शेतात राबवतो तो शोषक. अशाचं शेत सामुदायिक शेतात विलीन करावं, असा पुढे नियमही होता.

सामुदायिक शेत गावाच्या पूर्वेला. ते सगळ्यांचं असल्यामुळे तिथे कोणीतरी जात असेलच, याची प्रत्येकाला खात्री होती. पाऊस सरताना त्यातल्या गवतात एक गाय हरवली, तिथेच व्याली, आणि पुढे वासराला घेऊन आपली आपण घरी आली.

त्याला लागूनच चिलोंगानीच्या बायकोचं, लेचिप्याच्या आईचं शेत. तिथली बाजरी माणसाच्या डोक्यावर जायची. त्यात गुपित काही नव्हतं. तण काढायचे दिवस आले की ती बाजरीची पोंबे, म्हणजे घरची दारू, करायची. धान्याला मोड आणून, दळून, शिजवून रांजण भरला की आमंत्रण द्यावं लागत नसे. वासच घरोघर फिरून येई. पहाटे सारं गाव कुदळी घेऊन हजर. गाणी म्हणत तण काढायचं आणि पोंबे प्यायची. आज तिच्या शेतात, उद्या आणखी कोणाच्या. एकच नियम, आजोबा-पणजोबांपासूनचा. त्या दिवशी पोंबेला ज्याचं तोंड लागलं, त्याने कुदळ उचलायची. नाही उचलली तर बायका त्याच्यावर गाणं रचत, आणि ते गाणं तो मेल्यावरही गावात गायलं जाई.

मागच्या खेपेला न्दाहानी उशिरा उठला. त्याच्या वाट्याला रांजणाच्या तळचा गाळ आला. पुढे शेळ्या विकायला डोडोमाला गेला तेव्हा पक्षाच्या कचेरीत सांगून आला, "चेअरमनची बायको भांडवलदार आहे. गावाला राबवते."

उलट निरोप आला, गुरुवारी दुपारी कैजागे भाऊ चौकशीला येतील. पक्षात सगळेच एकमेकांचे भाऊ.

"गुरुवारी?" लेचिप्याची आई म्हणाली. "गुरुवारी तर माझी पोंबे तयार होतेय."

"अगं, तिचीच तर चौकशी आहे!"

"मग चौकशी शुक्रवारी करा. शुक्रवारी माझ्या पोंबेला गाढवसुद्धा तोंड लावणार नाही."

"पक्ष थांबायचा नाही."

"पोंबेही थांबत नाही. आणि तण तर कोणाच्या बापाचं ऐकत नाही. आता मी कोणाचं ऐकू ते तुम्हीच सांगा, तुम्ही शिकलेले."

"शेत जाईल गं तुझं."

तिने रांजणाचं झाकण नीट बसवलं. मग म्हणाली, "ते शेत मी एकेक काटा उपटून साफ केलंय, लेचिप्याचे बाबा. घेऊ दे कोणी, बघतेच." पण आवाज नेहमीसारखा चढला नाही. त्यावरून ती घाबरलीय हे चिलोंगानीला कळलं. बायको घाबरलेली त्याने यापूर्वी कधी पाहिली नव्हती.

गुरुवारी तो सकाळपासून डोडोमाच्या वाटेवर जाऊन उभा राहिला. जीपचा पत्ता नाही. ऊन चढल्यावर घरी परतला तर कोठाराच्या सावलीत पांढऱ्या शर्टातला एक तरुण बसलेला. जीप कोरड्या नदीच्या वाळूत रुतली होती, आणि कैजागे भाऊ आडवाटेने चालत, वासाच्या मागोमाग, पहिल्याच घरात येऊन टेकले होते. हातात भोपळ्याचं तुंबडं होतं. ते अजून ओठांपर्यंत यायचं होतं.

हा माणूस तळ्याकाठच्या केळीच्या मुलखातला. इथला नियम त्याला कुठून ठाऊक असणार? त्याला सावध करणं चेअरमनचं कर्तव्य होतं. चिलोंगानीने तोंड उघडलंही. मग त्याला वाटलं, अशा प्रसंगी काय करावं हे पुस्तिकेत असेल, शेवटच्या पानांत. ती वाचून होईपर्यंत बोलणं बरं नव्हे. त्याने तोंड मिटलं.

कैजागे भाऊंनी तुंबडं रिकामं केलं.

"आणखी देऊ का, भाऊ?" लेचिप्याच्या आईने विचारलं.

"द्या की, ताई. काय चव आहे!"

दुसरं तुंबडं संपलं तशी एका म्हातारीने त्यांच्या पुढ्यात कुदळ आणून ठेवली.

"हे कशाला, आजी?"

"तण काढायला, बाळा. बूट काढून ठेव, खराब होतील."

"अहो, मी चौकशी अधिकारी आहे!"

"असशील. प्यायलास ना?"

तेवढ्यात शेतातून बायकांचे सूर आले. "पांढरा बगळा आला गं, पिऊन सावलीत बसला गं." कैजागे भाऊ जरा वेळ ऐकत राहिले. असं गाणं जीपच्या आधी डोडोमाला पोचतं, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. त्यांनी बूट काढले.

शेतात त्यांना न्दाहानीशेजारची ओळ मिळाली. न्दाहानी यावेळी सर्वांच्या आधी, अंधारातच येऊन बसला होता.

"तुम्ही? तक्रार तर तुमचीच ना?"

"आहे ना. दुपारी करतो. तुम्ही कुदळ जरा खाली धरा, भाऊ, बाजरी कापताय."

दुपारी गोरखचिंचेखाली सभा भरली. कैजागे भाऊंची पँट गुडघ्यापर्यंत मातीने माखली होती आणि तळहातांना फोड आले होते. ते घसा खाकरून म्हणाले, "या बाई गावाला राबवतात, अशी तक्रार आहे. सिद्ध झाली तर शेत आजच्या आज विलीन होईल. चेअरमन, काही बोलायचंय?"

चिलोंगानीला सभेत बोलायची सवय नव्हती. तो पुस्तिका हातात धरून उभा राहिला. ती उलटी धरली होती.

"भाऊ, माझी एक शंका आहे. म्हणजे माझंच चुकत असेल. पोंबेसाठी जो दुसऱ्याच्या शेतात राबतो तो पिळला जातो, असं आपण म्हणतो."

"अर्थात."

"मग आज सकाळी... माझ्या बायकोने तुम्हाला पिळलं का?"

मागे म्हातारी नुसतीच सूर लावून बघत होती. पांढरा बगळा...

"मला? छे! मी म्हणजे..." कैजागे भाऊंनी कपाळ पुसलं. "मी मदत केली. नातं म्हणून. भाऊ म्हणून."

"मग बाकीच्यांनीही तेच केलं असेल का? मी आपलं विचारतोय."

"तेच! अगदी तेच! याला म्हणतात समाजवाद!" कैजागे भाऊंना वाट सापडली. "या बाई भांडवलदार नाहीत. तक्रार निकालात."

"आणि माझा गाळ?" न्दाहानी ओरडला. त्याला कोणीतरी खाली ओढून बसवलं.

भाऊ आता रंगात आले होते. "मी तर म्हणतो, सामुदायिक शेताचं तणही असंच काढा. पोंबे करून. उद्याच!"

गावाने टाळ्यांचा कडकडाट केला. अशी सूचना पक्षाकडून पहिल्यांदाच आली होती.

"पण भाऊ," म्हातारीने विचारलं, "बाजरी कोणाच्या कोठारातली?"

टाळ्या थांबल्या. कोणी गोरखचिंचेच्या फांद्या न्याहाळू लागलं, कोणी पायातला काटा शोधू लागलं. न्दाहानीला शेळ्या बांधायच्या राहिल्याची आठवण झाली. होता होता एकेकाची नजर वळत गेली आणि सगळं गाव लेचिप्याच्या आईकडे बघू लागलं. चिलोंगानीनेही भीतभीत बघितलं.

ती उठली, कपड्यांवरची माती झटकली.

"माझ्याकडे काय बघताय?" ती म्हणाली. "मी भांडवलदार नाही. आत्ताच ठरलंय."