आंब्यातला ब

महेंद्रनं पुण्यातली नोकरी सोडली ती आईच्या आजारपणासाठी. दीड वर्ष पलूसला राहून त्यानं तिचं सगळं केलं. आई गेली, तेव्हा पुण्याला परतायचं कारण उरलं नव्हतं आणि पलूसला राहायचंही. मग त्यानं कराडात एका सायकल दुकानाच्या माडीवर खोली घेतली. वय छत्तीस, लग्न झालेलं नाही. एक कॉम्प्युटर, एक कॉट आणि एक स्टोव्ह एवढा संसार. दवाखान्यांना, वाचनालयांना प्रोग्राम लिहून द्यायचा. काही दिवस तर असे जात, की संध्याकाळी खाली चहा मागताना घसा खाकरावा लागे. दिवसभरातला तो पहिलाच शब्द असे.

सत्त्याण्णव साली सांगलीच्या एका मूकबधिर शाळेनं त्याला बोलावलं. शाळेला त्यानं पूर्वी एक साधा प्रोग्राम करून दिला होता. आंब्याचं चित्र दाबलं की खाली ‘आंबा’ अशी अक्षरं उमटत. आता मुख्याध्यापकांना त्यात व्हिडिओ आणि आवाज हवा होता. चित्र दाबलं की बाई तो शब्द बोलताना दिसाव्यात. मग मुलानं तो माइकमध्ये म्हणावा आणि आवाज निघेल तशी पडद्यावर हिरवी पट्टी वर चढावी. कानांचं काम डोळ्यांनी करायचं होतं.

लग्नांची शूटिंग करणाऱ्या दस्तगीरला घेऊन त्यानं शाळेतल्या स्वप्नाबाईंचे तीनशे शब्द कॅमेऱ्यात घेतले. पण एवढा व्हिडिओ त्या वेळच्या मशीनला झेपेना. त्यानं चौकट काडेपेटीएवढी केली, सेकंदाला पंचवीस चित्रं असत त्यातली दहाच ठेवली. मग हेडफोन लावून एकेका शब्दाचा आवाज ओठांशी जुळवत बसला. कधी आवाज पुढं पळे, कधी ओठ. दीड महिना त्याच्या कानात बोलणारं माणूस म्हणजे स्वप्नाबाई, आणि त्याही ‘बादली, बैल, बटाटा’ एवढंच बोलत.

शाळेत प्रोग्राम दाखवला त्या दिवशी सगळे खूश झाले. मुख्याध्यापक उठून गेले, महेंद्र वायरी गुंडाळायला लागला, तेव्हा दारात उभी असलेली बाई पुढं आली. ती अंजना. वसतिगृहातल्या मुलांचे कपडे धुणं, त्यांना जेवू घालणं तिच्याकडं होतं. चाळिशीची, जन्मापासून बहिरी, याच शाळेत शिकलेली. तिनं आंब्याचं चित्र तीन-चारदा दाबलं, मान हलवली आणि टेबलावरची पाटी ओढून लिहिलं, ‘बाई आआ म्हणतात. आंबा नाही.’

महेंद्रनं हेडफोन लावून पाहिला. ‘आंबा’ अगदी स्वच्छ ऐकू येत होतं. त्यानं लिहिलं, ‘आवाज बरोबर आहे.’

अंजनानं पाटी परत ओढली. मग तिनं लिहिलं, ‘आवाज मला काय करायचा? तोंड मिटतच नाही.’

त्यानं व्हिडिओ एकेक चित्र पुढं सरकवत पाहिला. तोंड उघडं, उघडं, पुन्हा उघडं. ‘ब’साठी ओठ मिटतात ते निमिषभर, आणि नेमकं तेच चित्र त्यानं गाळलेल्यांत गेलं होतं. ‘बादली’चीही तीच गत, ‘डबा’चीही. कानांनी ऐकलं म्हणून डोळ्यांनीही पाहिलं, असं तो दीड महिना समजून चालला होता.

त्यानं सगळं नव्यानं करायला घेतलं. नाकापासून हनुवटीपर्यंतचाच भाग ठेवला, रंग काढून टाकले, आणि वाचलेल्या जागेत गाळलेली सगळी चित्रं परत बसवली. दर गुरुवारी वीस-पंचवीस शब्द घेऊन तो एसटीनं सांगलीला यायचा. अंजना धुणं उरकून हात पुसत यायची आणि शब्द पास-नापास करायची.

वर्गात हातांनी बोलायला बंदी होती. मुलांनी तोंडानंच बोललं पाहिजे, असा शाळेचा नेम. पण मागं धुण्याच्या दगडापाशी मुलं आणि अंजना भराभर हातांनी बोलत. महेंद्रही तिथं जाऊन बसू लागला. पाणी, भूक, काम, उद्या... त्याची बोटं अवघडायची, मुलं हसायची, तीही हसायची. नवऱ्यानं दोन वर्षांत माहेरी आणून सोडलं, हे तिनं त्याला हातांनीच सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं.

एका गुरुवारी त्यानं तिला कुणालाच न सांगितलेली गोष्ट सांगितली. शेवटचे दहा दिवस आईच्या घशात नळी होती. आवाज निघत नव्हता. ती ओठ हलवून काहीतरी सांगायची, पुन्हा पुन्हा तेच, आणि त्याला ते शेवटपर्यंत कळलं नाही.

अंजनानं खूण केली, दाखव.

त्यानं आठवून ओठ हलवले. दोनदा मिटले, दोनदा उघडले. तिनं त्याला ते पुन्हा करायला लावलं, अगदी जवळून पाहिलं. मग पाटी घेतली आणि सावकाश लिहिलं, ‘बाबा असेल. मामा असेल. मला दोन्ही सारखेच दिसतात. खरं सांगते, कळत नाही.’

आईला भाऊ होता, तो लहानपणीच गेलेला. आणि ‘बाबा’ म्हणून ती महेंद्रलाच हाक मारायची. अंजनानं पाटी पुसली नाही. धुण्याची बादली उचलून ती दोरीकडं गेली.

दिवाळीआधी काम संपलं. तरी पट्टी नीट चढते का बघायला म्हणून तो आणखी दोन गुरुवार आला. पट्टी नीटच चढत होती. मग कारण संपलं. महिनाभर त्यानं कसाबसा काढला आणि एका गुरुवारी तसाच एसटीत बसला.

फाटकावर दादासो वॉचमननं विचारलं, “आवं सायेब, मशीन बिघडली व्हय?”

“नाही. सहज आलो.”

मग दादासोनंच सांगितलं, अंजना मेढ्याला गेली, कायमची. भावाची बायको वारली, दोन पोरं लहान. त्याला कळवावं असं कुणाच्या मनात आलं नाही. का यावं?

दादासोकडून पत्ता घेऊन त्यानं कार्ड लिहिलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं : ‘पोरं माझ्या अंगावर आली आहेत. माणसं भली आहेत. पण माझ्याकडं पाठ करून बोलतात.’

जानेवारीत तो मेढ्याला गेला. तिच्या भावानं, कपिलनं, चहा दिला आणि काय काम काढलंत म्हणून विचारलं. शाळेचं जरा विचारायचं होतं, असं महेंद्र म्हणाला. अंजनानं ते त्याच्या ओठांवर वाचलं आणि खाली बघून हसली. दोघं अंगणात बसून हातांनी बोलू लागले. धाकटी भाची तिच्या मांडीवरून दोघांच्या बोटांकडं टकमक बघत होती. हळूहळू कुंपणाशी शेजारपाजारची माणसं थांबायला लागली. अंजनाच्या ते ध्यानात आलं. तिनं हात पदराखाली घेतले आणि जनावरांना पाणी दाखवायला उठून गेली.

“परत या कवातरी,” कपिल म्हणाला, पण त्याचं लक्ष कुंपणाकडं होतं.

साताऱ्याच्या गाडीत शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, कुठवर जाणार? महेंद्रचे हात आधी वर आले. ते मांडीवर ठेवून, घसा साफ करून तो म्हणाला, “कराडला.”