पांढरा हार ओवणारी सुई

मित्रांनो, मी एक जुनी सुई आहे. पण मला कपडे शिवणारी नाजूक सुई समजू नका. मी चांगली वीतभर लांब आहे आणि माझा जन्म सायकलच्या चाकात झाला. दिग्रसच्या बाजारात गुलाम नबी सायकली दुरुस्त करायचे. एका मोडक्या चाकातली तार त्यांनी काढली, एक टोक ठोकून त्याला भोक पाडले आणि दुसरे टोक दगडावर घासून घासून अणकुचीदार केले. मग मला त्यांनी आपल्या बायकोच्या, जैबुनबीच्या हातात ठेवले. ती फुलांचे हार ओवून विकत असे. चाकातच राहिले असते तर जन्मभर चिखल खात फिरले असते. माझे नशीब उघडले, हे मी छातीठोकपणे सांगते.

मी काय काय ओवले म्हणून सांगू! नवरदेवांचे सेहरे ओवले, मुंडावळ्या ओवल्या, दर्ग्यावरच्या फुलांच्या चादरी ओवल्या. लग्न कोणाच्याही घरचे असो, हार जैबुनबीचेच लागत. लोक तिच्या हाताची तारीफ करत आणि मी मनातल्या मनात निम्मी तारीफ स्वतःकडे घेत असे.

मग बायको आणि लहानगी मुलगी जुबैदा यांना मागे ठेवून गुलाम नबी गेले. त्यांच्या जनाज्यावरची मोगऱ्याची चादर जैबुनबीने माझ्याकडूनच ओवून घेतली. ज्यांनी मला घडवले त्यांच्यासाठी ती शेवटची फुले टोचताना मला फार वाईट वाटले. त्या दिवसापासून जैबुनबीने नुसत्या पांढऱ्या फुलांची धास्तीच घेतली. नवरीच्या हारात लाल फूल घातल्याशिवाय ती गाठ मारीत नसे.

सन अठ्ठावन्नच्या वैशाखात कापसाच्या जिनात काम करणारे डोमाजी दुकानी आले. सोबत त्यांची मुलगी बेबी होती. दीड वर्षापूर्वी डोमाजींनी नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. आता बेबीचे लग्न नव्या रीतीने लागणार होते आणि त्यांच्या वस्तीतले तसे ते पहिलेच लग्न होते. हार ठरवायला बाप येतो, मामा येतो. नवरी स्वतः आलेली मी तोवर पाहिली नव्हती. जैबुनबीने सवयीने डोमाजींकडे पाहिले.

"माह्याकडं नका पाहू, भाबी. हार तिच्या गळ्यात पडणार आहे. तिलेच विचारा."

बेबी म्हणाली, "दोन्ही हार नुसत्या मोगऱ्याचे पाह्यजेत, चाची. लाल फूल एकही नको."

"काहून बेटी? नवरीले लाल शोभते."

"आमच्या नव्या रीतीत पांढरे कपडे अन् पांढरी फुलं. बाशिंगही नाही. आत्या रोज म्हणते, पांढऱ्यात कुठं लग्न लागते काय? वस्तीतल्या पोरी माह्याकडं पाहून राह्यल्या, चाची. मीच मागं सरली तर त्याईचं काय?"

जैबुनबी बरे म्हणाली. पण मी तिच्या बोटांत होते. त्या बोटांनी मला टोपलीतल्या लाल कण्हेरीतच खुपसले.

लग्नाच्या दिवशी सकाळी तिने जीव ओतून हार ओवले. नवरदेवाचा हार सांगितल्याप्रमाणे केला. बेबीच्या हारात मात्र मधोमध दोन लाल गुलाब घातले. वैशाखात असे टपोरे गुलाब कुठले मिळायला! तिने ते पुसदच्या मोटारीने मुद्दाम मागवले होते. मला फुलाला टोचता येते, माणसाला अडवता येत नाही. हार पळसाच्या ओल्या पानांत बांधून, मला पदरात खोचून ती मांडवात गेली.

पांढऱ्या लुगड्यातल्या बेबीने पाने उघडली आणि तिचा चेहराच उतरला. मांडव माणसांनी भरलेला होता.

"चाची, मी काय सांगतलं होतं?"

"गुस्सा नको करू, बेटी," जैबुनबीला रडू कोसळले. "नुसती पांढरी फुलं मी जुबैदाच्या अब्बाच्या अंगावर टाकली. तुह्या गळ्यात टाकायले मन धजलं नाही."

बेबीची आत्या तानाबाई लगेच पुढे झाली. "पाह्य! त्याईलेही समजते. राहू दे ते गुलाब."

बेबीने जैबुनबीचा हात धरला. "तुमचं दुःख मले समजते, चाची. पण तुमचं भेव माह्या गळ्यात नका घालू. द्या ती सुई."

आणि मित्रांनो, नवरी सतरंजीवर मांडी घालून बसली! तिने दोरा तोडला आणि दोन्ही गुलाब काढले. हाराला मधेच मोठे भगदाड पडले. जैबुनबीकडे एकही कळी उरली नव्हती. वऱ्हाडी कुजबुजू लागले. तानाबाई कमरेवर हात ठेवून पाहत होती. शेवटी तिने अंबाड्यातला मोगऱ्याचा गजरा ओढून काढला आणि भाचीच्या ओच्यात टाकला.

"घे. अर्धा हार घालून उभी राह्यतेस काय मांडवात?"

बेबीला ओवायची सवय नव्हती. दोन कळ्या तिने चुरगाळल्या, मला एकदा वाकडेही केले. पण हार पुरा झाला आणि गाठ जैबुनबीने स्वतःच्या हाताने मारली. गुलाम नबी गेल्यानंतर लाल फुलाशिवाय नवरीच्या हाराला तिने मारलेली ती पहिलीच गाठ होती. एवढ्या सेहऱ्यांत मिळाला नाही तो मान मला त्या हाराने दिला.

पुढे जैबुनबीची नजर कमी झाली. दुकानात जरीचे तयार हार आले आणि मी डब्यात गंजत पडले. पासष्ट साली तिची मुलगी जुबैदा हिचे लग्न ठरले, तेव्हा माझी आठवण झाली. जैबुनबीने मला राखेने घासले, खोबरेल लावले आणि मुलीला समोर बसवले.

"बेटी, तुले कोणती फुलं पाह्यजेत?"

जुबैदा चकित झाली. इतका वेळ घरात सेहऱ्याची बोलणी चालली होती, पण तिला कोणी विचारले नव्हते. ती लाजली, मग ठामपणे म्हणाली, "लाल, अम्मी. सगळीच्या सगळी लाल."

जैबुनबी इतकी हसली, इतकी हसली की माझ्यात दोरा ओवायला जुबैदालाच बसावे लागले.

मित्रांनो, घरातल्या जुन्या सुईला कधी तेलाचे बोट लावत जा. ती गंजली तरी काम विसरत नाही. आणि तुमच्या घरी लग्न निघाले, वडीलधारी मंडळी फुले ठरवायला बसली, की आतल्या खोलीत जा. नवरी तिथे गप्प बसली असेल. तिला हात धरून बाहेर आणा.